बोटाने सरकवायचे की बाणाच्या बटणाने?

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फोन घ्यायला नागपूरच्या बर्डी बाजारात गेले की दोन पर्याय समोर येतात: टचस्क्रीनचा स्मार्टफोन, किंवा मधोमध चार दिशांची बटणे असलेला कीपॅडचा फोन. किंमत आणि बॅटरी यांची चौकशी सगळेच करतात. मात्र यादी वरखाली नेण्याचे जे काम हाताला दिवसभर करावे लागते, ते कोणत्या पद्धतीने जमेल हे त्याआधी पाहायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

बाणाचे बटण एकदा दाबले की निवड एकच ओळ सरकते आणि बटण दबल्याचे बोटालाच कळते. निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये हातात धरायच्या खेळयंत्रावर अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण आणले, तेव्हापासून अंगठ्याला न बघता दिशा ओळखण्याची सोय झाली. टचस्क्रीनला मात्र बोटाचा हेतू ओळखावा लागतो. बोट टेकवून लगेच उचलले तर निवड, टेकवून तसेच ठेवले तर वेगळा मेनू आणि थोडे हलले तर सरकवणे, असा तिचा हिशेब असल्यामुळे ज्यांचा हात थरथरतो त्यांना मुलाचे नाव दाबायचे असताना यादीच पुढे निघून गेल्याचा अनुभव वारंवार येतो.

लांब मजकुराच्या बाबतीत मात्र बटणांची बाजू सपशेल पडते. २००७ च्या आयफोनने घराघरांत पोहोचवलेली पद्धत अशी, की झटका देऊन बोट उचलले तरी पान वेगाने धावत राहते, हळूहळू मंदावते आणि मध्येच बोट ठेवले की थांबते. शेकडो नावांची यादी किंवा वर्तमानपत्राचे अख्खे पान पाहायचे असेल, तर बाण दाबून दाबून अंगठा दुखण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचे आहे. कीपॅडवर पहिले अक्षर दाबून नावापर्यंत पोहोचता येते, पण बातमीला तो उपाय लागू पडत नाही.

नागपुरात उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. आजची टचस्क्रीन बोटामुळे होणारा विद्युतधारितेतील बदल ओळखते, आणि घामाचा थेंबही तसाच बदल घडवत असल्यामुळे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ओल्या बोटाने पडदा भलतेच काही उघडतो. उन्हापासून बचावासाठी दुपट्टा आणि सुती हातमोजे घालून गाडी चालवणाऱ्यांना थांबल्यावर फोन पाहायचा तर आधी मोजा काढावा लागतो. बटणाला केवळ दाब पुरतो.

दुरुस्तीतही फरक आहे. काच फुटली की बहुधा टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र जोडलेला अख्खा भाग, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत ‘फोल्डर’, बदलावा लागतो. कीपॅडचे काम त्या मानाने स्वस्तात होते.

पैसे पाठवण्यासाठी स्मार्टफोनच हवा, हा समज आता सोडावा, कारण मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सेवा साध्या फोनवरही आहे. ज्यांना मुख्यतः बोलायचे आहे आणि ठरावीक पाच-दहा जणांनाच फोन लावायचा आहे, त्यांच्यासाठी मी नि:संकोच बटणांचा फोन सुचवेन. ज्यांना वाचनाची आवड आहे किंवा नातवंडांचे फोटो मोठे करून पाहायचे आहेत, त्यांनी टचस्क्रीन घ्यावी आणि सेटिंगमध्ये अक्षरे मोठी करून दाबून धरण्याचा कालावधी वाढवावा. शक्य असेल तर ज्यांना फोन वापरायचा आहे त्यांनाच दुकानात न्यावे, यादीतले मधलेच एखादे नाव शोधून परत वर यायला सांगावे आणि तोवर आपण फोनला हात लावू नये.