पोटगी दरमहा घ्यावी की एकरकमी? साठीनंतरचा हिशेब

परस्पर संमतीने घटस्फोट घेताना वकील आजच्या पगाराकडे बघून सल्ला देतात. मी माझ्या साठीनंतरचं बघत होते.

‘त्याला सरकारी पेन्शन आहे, पुढेमागे मलाही काही मिळेलच,’ असं कोथरूडमधल्या चांगल्या शिकलेल्या बायकाही म्हणतात. मिळत नाही. घटस्फोट झाला की कुटुंब निवृत्तिवेतनावरचा आपला हक्क संपतो. त्याने दुसरं लग्न केलं, तर तो त्या बाईचा. आपली सोय व्हायची ती पोटगीतूनच.

दरमहा पोटगीत एक आधार असतो, हे खरं. महागाई वाढली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली ती वाढवून मागता येते. पण त्याच कलमाखाली तोही निवृत्तीनंतर कपात मागू शकतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बाईची पोटगी २३ हजारांवरून २० हजारांवर आणली, कारण नवऱ्याचं दुसरं लग्न होऊन मूल झालं होतं. लग्न त्याचं, कात्री हिला! आणि आपण लग्न केलं, तर तो पोटगी रद्दच करून मागू शकतो.

एवढंही मी चालवून घेतलं असतं. पण संमतीपत्राच्या मसुद्यात एक अट होती: ‘पुनर्विवाह केलेला नाही’ असं प्रतिज्ञापत्र दरवर्षी नोटरी करून त्याच्या वकिलाकडे द्यायचं. पेन्शनर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, तसा हा एकटेपणाचा दाखला. सत्तरीतही शिवाजीनगर कोर्टाबाहेर त्यासाठी उभी राहू? लग्नाचा विचार तेव्हा नव्हता, आजही फारसा नाही. तरी ते वाचून जे डोकं फिरलं, ते फिरलंच.

एकरकमी घेताना आकडा घासाघीस करून खाली येतो, आणि पैसे आलेत म्हटल्यावर नातेवाइकांना धंदे सुचतात. पण त्यावर सहसा आयकर लागत नाही, दरमहा पोटगी मात्र उत्पन्नात धरली जाते. शिवाय पुढे लग्न केलं म्हणून सहसा कुणी ती परत मागू शकत नाही. मी बराचसा भाग एफडीत ठेवला, त्यातून दरवर्षी दीड लाख पीपीएफमध्ये टाकते. साठीला ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहेच.

त्याच्याकडे एवढी रक्कमच नसेल, किंवा तुमच्या हातात पैसा टिकत नसेल, तर दरमहाच बरी, असं मलाही वाटतं. मुलांची पोटगी मात्र दोन्हीकडे वेगळी लिहून घ्या, ती आईच्या लग्नाने थांबत नाही. आणि एकरकमी ठरलीच, तर शेवटच्या सह्यांआधी डीडी हातात हवा. पुढच्या तारखांचे चेक घेऊ नका.