शेकण्याची इलेक्ट्रिक पट्टी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागण्याचा फुप्फुसाचा आजार. आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही. पाटण तालुक्यातल्या सासरी तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला आणि पहाटे बंब पेटवून शाळेत शिकवायला गेले. फुंकणीनं जाळ करताना जो धूर छातीत गेला तो तिथेच राहिला. आता दिवसाचे १५-१६ तास नाकात ऑक्सिजनची नळी असते.

पण ही पट्टी घेतली ती दम लागतो म्हणून नाही, अंगदुखीसाठी. मान, दोन्ही खांदे, पाठ, बरगड्यांच्या कडा, सगळं ठणकायचं. रक्त तपासलं, सांधे तपासले, काही निघालं नाही. घरचे म्हणायचे, आई, वय झालं की दुखतंच. नाव नसलेलं दुखणं सांगायचीही लाज वाटायला लागते. दसऱ्यानंतर लेकीनं पट्टी पाठवली.

पट्टी साधी आहे. कंबरेला बांधता येते, वर मखमली कापड, वायरीवर तीन टप्प्यांचं बटण. हजाराच्या आत मिळाली. दोन-तीन मिनिटांत तापते आणि ऊब सगळीकडे सारखी लागते, रबरी पिशवीसारखी एका जागी चटका आणि दुसरीकडे गार असं होत नाही. वायर मात्र आखूड आहे. पाचव्या महिन्यात चिकटपट्टीची शिवण उसवली ती मी हातानं घातली. त्याच सुमारास बटण बिघडलं. बदलून मिळायला पाच आठवडे आणि असंख्य फोन लागले. वीज गेली की रबरी पिशवी लागतेच, ती टाकून देऊ नका.

मान-खांद्यांना या पट्टीनं खरंच आराम पडला. का पडला, ते फिजिओथेरपिस्टनं सांगितलं तेव्हा मला रडू आलं. आमच्या आजारात आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. छाती फुगलेलीच राहते आणि तिच्या तळाचा श्वासपटल, जो खरा श्वासाचा स्नायू, तो दबून सपाट होतो. मग त्याचं काम मान, खांदे आणि बरगड्यांमधल्या स्नायूंवर येऊन पडतं. मी मिनिटाला २४ श्वास घेते. दिवसाकाठी ३४ हजारांवर होतात. ज्या स्नायूंनी एरवी मदतीपुरतं यायचं, ते दिवसभर ओझं वाहताहेत, ते ठणकणारच. दोन वर्षांत हे कुणी बोललंच नव्हतं.

आता दुपारी चार वाजता टेबलावर उशी ठेवून त्यावर कोपरं टेकते, खांदे सैल सोडते, मानेमागे पट्टी घेते आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडते. श्वास घेताना दोन आकडे, सोडताना चार. वीस मिनिटं. नुसत्या पट्टीनं जेवढं बरं वाटायचं, त्याच्या दुप्पट या बसण्यानं वाटतं.

ऑक्सिजनवर असणाऱ्यांनी मात्र नीट ऐका. नळी नाकात असताना तापणारी पट्टी वापरायची नाही. ऑक्सिजननं कापड, केस, काहीही चटकन पेट घेतं. मी मशीन बंद करते, खिडकी उघडते, थोडा वेळ जाऊ देते, मगच पट्टीचं बटण दाबते. नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन किंवा तेलकट मलम लावत नाही, पाण्यात विरघळणारं जेल लावते. आणि पट्टी अंगाखाली घेऊन झोपायचं नाही. स्टेरॉईडनं माझी कातडी कागदासारखी झाली आहे. पहिल्याच आठवड्यात टॉवेल न घेता बसले तर पाठीवर लाल चट्टा उठला, तो पंधरा दिवस गेला नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी फळीवरून तिळाचा डबा काढताना पाठीत कळ आली. मला वाटलं नेहमीचंच. तीन आठवडे पट्टी बांधून काढले. शेकलं की तासभर बरं वाटायचं, म्हणून कुणाला काही बोलले नाही. खोकला आला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. साडी पायात येऊ लागली, तेव्हा सून म्हणाली, आई, तुमची उंची कमी झालीय का? एक्स-रेत डी-१२, म्हणजे बरगड्यांच्या भागातला सगळ्यात खालचा मणका, दबलेला निघाला. दर वर्षी दोन-तीनदा छाती बिघडली की स्टेरॉईडच्या गोळ्यांचा कोर्स होतो, त्यानं हाडं ठिसूळ झाली होती. ड जीवनसत्त्वही खूप कमी निघालं. मणका दबला की पाठ वाकते, आणि वाकलेल्या पाठीत फुप्फुसाला जागा आणखी कमी पडते. ते तीन आठवडे माझे फुकट गेले, आणि ते पट्टीच्या ऊबेत गेले.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. कुठे दुखलं, काय करताना, शेकल्यावर किती वेळ थांबलं. रात्री पिंढऱ्यांना येणारे वांब त्या वहीतूनच पकडले गेले. नेब्युलायझर जास्त वेळा घेतलेल्या दिवशीच ते यायचे. त्यातल्या सालब्युटामॉलनं, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधानं, रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं. डॉक्टरांनी तपासलं, तर उतरलेलं होतं. शेकून ते वांब कधीच गेले नसते. मी स्वतःच्या मनानं घेत होते ती दुखण्याची गोळीही वहीत सापडली. पाय सुजायचे ते तिच्यामुळे होते, ती डॉक्टरांनी बंद केली. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या आमच्यासारख्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नयेत, त्यानं श्वास मंदावतो.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा आखूड वायरीचा आणि त्या पाच आठवड्यांचा. नवीन, एका जागी रुतलेलं, खोकताना वाढणारं दुखणं असेल तर मात्र पट्टी बांधू नका, आधी एक्स-रे काढा.

काल अशीच एक पट्टी धाकट्या जाऊबाईंसाठी मागवली, बरोबर दोनशे पानी वही घेतली. त्याच चुलीपुढे त्या माझ्यानंतर बारा वर्षं बसल्या. खांदे दुखतात म्हणतात, जिना चढताना मध्येच थांबतात. फुप्फुसाची ताकद बघणारी, नळीत फुंकायची चाचणी त्यांनी अजून केलेली नाही. बुधवारी मी त्यांना घेऊन जाणार आहे.