सिग्नल : दोन तारखांपुरती नोंद ठेवणारे ॲप

गोपनीयतेची ग्वाही प्रत्येक मेसेजिंग ॲप देते. म्हणून सिग्नल वापरायला घेण्यापूर्वी मी त्याची जाहिरात बाजूला ठेवून एका समन्सची हकीकत वाचली. 2016 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नलकडे दोन फोन क्रमांकांची माहिती मागवली होती. त्यांपैकी एकाच क्रमांकाचे सिग्नलवर खाते होते आणि त्याविषयी खाते केव्हा उघडले व ते शेवटचे केव्हा जोडले गेले, एवढेच सांगता आले. संपर्कयादी, गट, कोण कोणाशी बोलले, यांतले काही देणे शक्यच नव्हते, कारण ते सर्व्हरवर नव्हतेच.

याचे मोल एडवर्ड स्नोडेन प्रकरणावरून कळते. जून 2013 मध्ये या जागल्याने बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरची पहिली बातमी संभाषणांच्या मजकुराविषयी नव्हती. व्हेरायझन या अमेरिकी फोन कंपनीच्या लक्षावधी ग्राहकांपैकी कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला, याच्या नोंदी अमेरिकेची गुप्तचर संस्था एनएसए रोज गोळा करत होती. पत्रकाराकडे माहिती पोहोचवणारा माणूस हुडकायला तेवढे पुरते. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली चाललेला हा उद्योग 2020 मध्ये अपील न्यायालयाने बेकायदा ठरवला. स्नोडेन मात्र हेरगिरी कायद्याखालचे आरोप डोक्यावर घेऊन रशियातच आहे. व्हॉट्सॲपही 2016 पासून सिग्नलचीच कूटलेखन (एन्क्रिप्शन) पद्धत वापरते, पण नोंदी ठेवताना इतका हात आखडता घेत नाही.

वापरायला ॲप सोपे आहे. मामेबहिणीशी बोलताना आम्ही, मधे तिसरे कोणी नाही ना याची खात्री करून देणारा 60 अंकी सुरक्षा क्रमांक पाच-पाच अंकांनी वाचून ताडून पाहिला, सातव्या गटाशी ती वैतागून म्हणाली, "दादा, साबुदाणा किती वेळ भिजवायचा, एवढंच तर विचारायचंय ना तुला?"

आपोआप पुसले जाणारे संदेश ही सोय मला आवडते, पण ती कोणाच्या हाती आहे यावर बरेच अवलंबून आहे. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च सुरक्षा अधिकाऱ्यांनी येमेनवरील हल्ल्याची चर्चा सिग्नलवर केली आणि त्या गटात एक संपादक चुकून घेतला गेला. कूटलेखन शाबूत राहिले, माणूस चुकला. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जे दस्तऐवज म्हणून जपायला हवेत ते संदेश ठरावीक मुदतीने पुसले जातील अशी व्यवस्था तिथे होती. जागल्याला आधार देणारी सोय सत्ताधाऱ्यांना आडोसा ठरते, याचा दोष मी ॲपला देणार नाही.

मला खरा खटकतो तो फोन क्रमांक. 2024 पासून वापरकर्तानाव घेऊन तो इतरांपासून लपवता येतो, मात्र क्रमांकाशिवाय खाते उघडत नाही. आपल्याकडे तर सिमकार्डच ओळखपत्र दाखवून मिळते. खाते उघडताच, क्रमांकावरून आपल्याला कोण शोधू शकेल, हा पर्याय 'कोणीही नाही' असा करून घ्यावा. पाचपैकी चार तारे.