तीन तासांत रंग: भिंगाची फिल्म की टेप?

न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये पाचच वाजलेले असतात. म्हणून रंगीत कार्यक्रम नोंदवून तीन तासांनी पश्चिमेकडे दाखवणं, हा १९५६ साली एनबीसी या अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीपुढचा रोजचा पेच होता. रंगीत फिल्म धुवायला एवढा वेळ पुरत नसे.

कोडॅकने काढलेली वाट मला आजही थक्क करते. फिल्म साधी कृष्णधवल, पण तिच्या पाठीवर सूक्ष्म भिंगांच्या समांतर रेषा उठवलेल्या. नोंदवताना लाल, हिरव्या, निळ्या रंगांची माहिती प्रत्येक भिंगामागे शेजारी-शेजारी पट्ट्यांत उमटायची. दाखवताना त्याच पट्ट्यांतून रंग परत उभे राहायचे. रंग फिल्ममध्ये नव्हताच, तो पट्टीच्या जागेत होता! आणि कृष्णधवल असल्यामुळे ती झटपट धुता यायची.

चुंबकीय व्हिडिओ टेपला धुणंच नाही. अँपेक्स या अमेरिकन कंपनीचं यंत्र १९५६ सालचं, दोन इंच रुंद टेपवर नोंद करणारी चार हेड फिरवणारं. ते आधी कृष्णधवलच होतं. रंग आला १९५८च्या सुमारास. नोंद संपली की लगेच दाखवा, शिवाय टेप पुन्हा वापरा. रोजच्या कामाला टेपच सरस, यात शंका नाही.

पण ही पुसण्याची सोयच मला सलते. त्या काळातले कितीतरी कार्यक्रम असेच पुसले गेले. मे १९५८मध्ये वॉशिंग्टनच्या डब्ल्यूआरसी दूरचित्रवाणी केंद्राच्या उद्घाटनाची, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या भाषणाची रंगीत टेप मात्र सुदैवाने टिकली आहे.