मेमो देणारी इन्चार्ज की विचारणारी?

पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल, थेट शिरेत गेली तर जीव घेणारी, डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारीच ठेवलेली. नाइट ड्यूटीवरच्या सिस्टरने चुकीची उचलली, पण सिरिंजमध्ये ओढण्याआधी लेबल वाचलं आणि ती थांबली. पुढे काय होणार, ते इन्चार्ज सिस्टर कशी आहे त्यावर ठरतं.

मेमोची दहशत असेल तर ती गप्प बसते. अँप्यूल्स तिथेच राहतात. चुकांचं रजिस्टर कोरं, मेट्रन खूश.

दुसऱ्या वॉर्डात ती सकाळी ड्यूटी बदलताना, हँडओव्हरलाच सांगते. इन्चार्ज विचारते, "ही दोन शेजारी शेजारी का ठेवलीत?" त्याच दिवशी पोटॅशियम वेगळं कुलपात जातं, देण्याआधी दोघींनी तपासायचं ठरतं. रजिस्टर मात्र भरत जातं.

कागदावर पहिला वॉर्डच चांगला दिसतो, आणि इथेच फसगत होते. संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात चांगलं नेतृत्व असलेल्या युनिट्समध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त सापडली. तिथे बोलायची भीती कमी होती. माझा माणूस मी दुसऱ्याच वॉर्डात ठेवेन.

मोकळीक म्हणजे सूट नव्हे. पेशंटचं नाव न तपासता इंजेक्शन देणारीला जाब विचारावाच. पण एकटीवर अख्खा वॉर्ड टाकून, औषधं देताना तिला फोनसाठी पळवून वर मेमो देणं हा सरळ अन्याय आहे.