ओपिनेल नंबर १०: ठिबकवाल्याच्या खिशातला मोठा चाकू

मोठा फोल्डिंग चाकू घ्यायचा म्हटलं की जो तो आधी पात्याची लांबी विचारतो. मी ठिबक जोडणीची कामं करतो, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या आसपास, बहुतेक केळीच्याच बागांत. माझ्या मते मोठी हवी ती मूठ, आणि पातं हवं पातळ. पाठ जाड असली की पातं कितीही लांब असो, ते कापत नाही, रेटतं. म्हणून आता माझ्या खिशात ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा नंबर १० असतो; नंबर म्हणजे आकार.

१६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ओळीने अंथरायची ठिबकची नळी, कापून बघा, लगेच कळेल. काप सरळ आला पाहिजे. तिरका आला तर जॉइनर एका बाजूने पुरता बसतो आणि दुसऱ्या बाजूला उघडा राहतो, मोटार चालू केली की तिथूनच पिचकारी. जाड पातं नळीला आधी चेपतं, मग कापतं. चेपलेल्या नळीचं तोंड लांबोळकं होतं आणि ते जॉइनरवर चढवताना अंगठ्याची साल निघते. पातळ पातं नळीवर टेकवून नुसतं आपल्याकडे ओढलं की काम झालं, नळी गोलच्या गोल राहते. कापडी टेपने गुंडाळलेल्या हॅक्सॉच्या तुकड्यावर वर्षानुवर्षं भागवणारे फिटर मला माहीत आहेत. त्याने कापतं, पण प्लॅस्टिकचा भुसा नळीत जातो आणि पुढे ड्रिपरमध्ये, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीत, जाऊन बसतो.

याआधी माझ्याकडे बाजारातून घेतलेला एक चाकू होता. काळंकुट्ट पातं, मागे करवतीचे दाते, मुठीच्या बुडाला काच फोडायचं टोक. दिसायला एकदम कमांडो. पात्यावर ‘४४० स्टेनलेस’ कोरलेलं. ४४० हे एक पोलाद नाही, ए, बी आणि सी असे तीन प्रकार आहेत. ए मध्ये कार्बन साधारण ०.६५ टक्क्यांपासून, सी मध्ये १ टक्क्याच्या आसपास आणि त्यावर, आणि धार टिकण्यात फरक पडतो तो इथेच. अक्षर न लिहिता नुसता आकडा असेल तर मी आता ‘स्टेनलेस’ एवढाच अर्थ घेतो. त्या चाकूची धार खताच्या गोण्यांची तोंडं उघडण्यातच बसायची. पण मी तो टाकला कुलपापायी. लायनर लॉक होतं, म्हणजे मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकू देते. आपली काळी माती त्या फटीत गेली आणि वाळली की पट्टी अर्धीच सरकायची. एकदा पीव्हीसी पाइपाची कड तासताना पातं बोटांवर मिटलं. हातात मोजे होते म्हणून निभावलं. लायनर लॉकला सरसकट नावं ठेवत नाही, चांगल्या कंपन्या ते नीट करतात. स्वस्तात मात्र नीट झालेलं मला मिळालं नाही.

ओपिनेलचं कुलूप लहान पोरालाही समजेल असं. मुठीच्या गळ्याशी स्टीलची एक कडी आहे, तिला फट. फट पात्यासमोर असेल तर पातं मिटतं, कडी फिरवली की पातं अडकलं. ना स्प्रिंग, ना बटण. माती गेली तर पाण्याखाली धरून दोनदा फिरवायची. मुळात हा चाकू फ्रान्सच्या साव्हॉय भागातला, आल्प्सच्या डोंगरातला. १८९० मध्ये तो बनवला जोसेफ ओपिनेलने, अवजारं घडवणाऱ्याचं पोर, तेव्हा वय अठरा. कडी नंतर आली, १९५५ मध्ये. तिला व्हिरोब्लॉक म्हणतात. २००० पासून मिटलेलं पातंही तिने अडकवता येतं, आणि चाकू खिशात बाळगणाऱ्याला हीच सोय जास्त कामाची. पात्यावर हाताचा पंजा आणि वर मुकुट असं चिन्ह असतं, ऑनलाइन मागवला तर पेटी उघडल्यावर आधी ते बघावं.

नंबर १० चं पातं १० सेंटिमीटर, मिटल्यावर लांबी १३ सेंटिमीटर. बीचच्या लाकडाची गोल मूठ, मधे थोडी फुगीर. पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंटने चिकट झालेल्या किंवा ओल्या हातातही ती फिरत नाही. वजन इतकं कमी की पँट खाली ओढत नाही. मला दोन-अडीच हजारांच्या मधे पडला. एका बागेत तिथल्या नानांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला, पात्यावर अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, “हाऊ कितलाले लिधा रे भाऊ?” किंमत सांगितली. “इतला पैसामा तं दोन इळा येतीन!” खरंच येतील. घड उतरवायला आणि पील, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब, काढायला विळाच लागतो, तिथे हा चाकू काढणाऱ्याला हसतील लोक. पण विळा खिशात घालून मोटारसायकलवर बसता येत नाही, आणि विळ्याने ग्रोमेटच्या, म्हणजे पाइपाच्या भोकात बसवायच्या रबरी कडीच्या, कडेचा बारीक पापुद्रा निघत नाही.

पातं साध्या कार्बन पोलादाचं घ्यायचं की स्टेनलेस, यावर शौकीन लोक रात्र जागवतील. कार्बनला धार झटकन येते हे खरं. पण केळीचा चीक ज्याच्या कपड्याला एकदा लागलाय त्याला पुढचं सांगायला नको. चीक, कांदा, लिंबू यांनी कार्बनचं पातं काळंनिळं पडतं, आणि ओलं ठेवलं तर गंजतं. घरी स्वयंपाकघरात पुसून ठेवणाराने कार्बन घ्यावा. बागेत केळीचं कमळ, म्हणजे केळफूल, तोडून, घडाच्या पिशवीची दोरी कापून तसाच मिटून खिशात टाकणाराला स्टेनलेसच बरा. ओपिनेलचं स्टेनलेस म्हणजे सँडविकचं १२सी२७ जातीचं पोलाद. फार भारी नाही, पण बारीक धार घेतं आणि घरच्या दगडावर परत लागतं.

धारेचं एक सांगतो, कारण इथे बरेच चाकू वाया जातात. सायकलच्या चाकावर दगड फिरवणाऱ्याकडे किंवा वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर हा चाकू देऊ नका. पातं पातळ, ठिणग्या उडाल्या की कड तापते. निळी झाली की तिथला कडकपणा गेला, मग कितीही घासा, धार दोन दिवसांत बसते. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड पुरतो. पाणी टाकून आधी खरबरीत बाजू, मग मऊ, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं ओढायचं. पातं दगडावर जवळजवळ आडवं ठेवायचं, उभं नाही.

आता पावसाळा. लाकडी मूठ आणि ओलावा यांचं जमत नाही, हे या चाकूचं जगजाहीर दुखणं. लाकूड फुगतं, खाच आवळते आणि पातं नखाने निघेना होतं. यावर साव्हॉयच्या लोकांचा जुना उपाय आहे: कडी मोकळी करायची, चाकू मुठीला धरायचा आणि मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकायचं. पात्याचं टोक थोडं वर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. त्याला तिकडे नावच ‘साव्हॉयवाल्याचा ठोका’ असं आहे. मी बांधावरच्या दगडावर ठोकतो. जून लागायच्या आधी मूठ उन्हात चांगली वाळवून जवसाचं तेल चोळायचं, मुरलं की पुन्हा. शेंगदाण्याचं किंवा सरकीचं तेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट वास येतो.

दुसरी अडचण, एका हाताने तो उघडत नाही. डाव्या हातात दाबाखालची नळी असेल तर चाकू आधीच उघडून ठेवावा लागतो. आणि मुठीला क्लिप नाही. खिशाच्या तळाशी नाणी, टेफ्लॉन टेप आणि किल्ल्यांच्यात तो हरवतो. मी मुठीच्या बुडाला भोक पाडून ड्रिपच्या बंडलाची पिवळी दोरी ओवली आहे, लाकूड असल्याने साध्या ड्रिलने जमतं.

खरा आनंद हिवाळ्यात. शेतात भरीत पार्टी ठरली की पातीचा कांदा, कोथिंबीर, लसूण चिरायला हाच चाकू हातोहात फिरतो. तुरकाठ्यांवर भाजायच्या आधी वांग्याला चीर द्यायला दुसरं काही शोधावं लागत नाही. बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचणं सुरू झालं की तो धुऊन, पुसून, उघडाच वाळत ठेवायचा. कळण्याची भाकरी हाताने मोडायची असते, तिथे त्याचं काम नाही.

कायद्याचं. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, आणि घरकाम, शेती, शास्त्र व उद्योगासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. १० सेंटिमीटर म्हणजे चार इंचही नाही. तरी निवांत राहू नका. सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकूचाही उल्लेख असतो. त्या दिवसांत मी तो खिशात न ठेवता पान्यांच्या पिशवीत, टूलबॉक्सच्या तळाला ठेवतो. विमानाने जाणाऱ्याने तो हातातल्या बॅगेत ठेवू नये, सुरक्षा तपासणीत गेलाच म्हणून समजा.

नंबरांचं कोडं सोपं आहे. नंबर ८ चं पातं साडेआठ सेंटिमीटर, शहरातल्या माणसाला, डब्यातली फळं कापणाऱ्याला तो भरपूर. माझ्या पंजाला त्याची मूठ लहान पडते. नंबर १२ चं पातं १२ सेंटिमीटर, मिटल्यावर १६. तो खिशात बसतो, पण मोटारसायकलवर मांडीला टोचतो. तरी रस्त्याकडेला टरबूज विकणारा कोणी विचारेल तर मी त्याला १२ च सांगेन, त्याचा चाकू गाडीवर राहतो.