धारावीत शिवलेलं लेदर जॅकेट : माझ्या कपाटातलं तिसरं

सायन-बांद्रा लिंक रोडवरच्या एका दुकानात माप देऊन शिवून घेतलेलं हे जॅकेट दोन हिवाळे वापरलं, मगच लिहितोय. चामडं मेंढीचं, हाताला एकदम मऊ, पहिल्या दिवसापासून अंगावर बसलं. माझं म्हशीच्या चामड्याचं जॅकेट सैल व्हायला वर्ष लागलं होतं, पण बुलेटवरून घसरलो तेव्हा कोपर त्यानेच वाचवलं. मेंढीच्या चामड्याकडून ती अपेक्षा ठेवू नका, ते लवकर फाटतं. शिवण सरळ, चेन पितळी. अस्तर काखेत उसवलं होतं. दुकानदाराने पैसे न घेता नीट करून दिलं.

याआधी माझ्याकडे सात जॅकेटं होती. ठाण्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या दोघांवर बुरशी चढली, एक कायमचं गेलं. फार जीव तुटला. चामड्याला हवा लागते, रुंद खांद्याचा हँगर लागतो, सुती कव्हर लागतं, अधूनमधून कंडिशनरचा, म्हणजे चामडं मऊ ठेवणाऱ्या क्रीमचा, हात फिरवावा लागतो. एवढी निगा मला तिघांचीच जमते : गाडीसाठी म्हशीचं, महाबळेश्वरच्या थंडीला बकरीचं स्वेड (मखमलीसारखं खरखरीत-मऊ चामडं), आणि लग्नकार्याला हे. बाकीची भाच्यांना दिली. धाकटा तर कॉलेजला रोज घालतो.